मठार

सातपूरच्या गच्चीपासून म्हसरूळच्या पाण्याच्या टाकीपर्यंत
मध्ये काहीच नाही, असं टेंडरमध्ये लिहिलंय.
आठ किलोमीटर, मोकळी दृष्टीरेषा.

मी चैत्रात इथे उभी राहिले
तेव्हा दिसलं मध्ये काय काय आहे:
एमआयडीसीचे पत्रे, बारानंतर तव्यासारखे,
आनंदवलीला नदीवरून उठलेली ओली हवा,
मखमलाबादच्या मळ्यात नुकतंच सोडलेलं पाणी,
आणि गरम-गार एकमेकांत शिरतात तिथे
वळवळणारं,
रंग नाही वास नाही असलं ते.

लेसर निघतो सुईसारखा.
पोचतो तेव्हा डोहात पडलेल्या नाण्यासारखा हलत असतो,
कधी तुकडे, कधी नुसता काजवा,
मधूनच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, काहीच नाही.
पलीकडून तौसिफचा फोन:
"तुझा उजेड लुकलुकतोय गं."
मी म्हटलं, ताऱ्यांचंही तेच होतं,
त्यांना कोणी फोन करत नाही.

साहेब म्हणाले, पॉवर वाढवा.
वाढवली.
मोठ्याने लुकलुकला.

तांबट आळीतला माझा मोरेश्वरमामा
चाळीस वर्षं हंड्यांवर हातोडी चालवून बहिरा झालाय,
उजवा कान गेलाच, डावा चार आणे शिल्लक.
मामी त्याच्यावर ओरडत नाही.
ओरडलं की आवाज फुटतो, म्हणते, शब्द तिथेच राहतो.
ती डावीकडून जाते,
हातोडी थांबायची वाट बघते,
म्हणते, "गॅस संपलाय."
थोड्या वेळाने, "सिलिंडर सांगायचाय."
मग दारातून, "चहा होणार नाही हं."
तिन्हींतलं एक पोचतंच.
बाकीचं मामा आपल्या मनाने भरून काढतो
आणि सहसा बरोबर भरतो.

मी ते वहीत उतरवलं, तौसिफने त्याचं कोडिंग केलं.
शेजारच्या अक्षरांना शेजारी पाठवलं नाही,
म्हणजे हवेने घास घेतला
तरी एकाच वाक्याचा घेऊ नये.
एकाऐवजी चार झरोके, हातभर अंतरावर:
एकाची हवा बिघडली तर दुसऱ्याची बरी असेल.

एवढ्याने सकाळ-संध्याकाळ भागलं. दुपार राहिली.

दुपारसाठी आरसा आला,
वाटीच्या बुडाएवढा, पाठीला सत्त्याण्णव खुंट्या,
सेकंदाला हजार वेळा त्याला ढकलणाऱ्या, ओढणाऱ्या.
मामाला बघायला आणलं.
चपला काढून आत आला, देवळात यावं तसा.
मी कागदावर लिहिलं:
हवा उजेडाला पोचे पाडते.
म्हणून आरशाला तेवढेच पोचे, उलटे.

बराच वेळ वाचत राहिला.
मग बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात, सगळी लॅब वळून बघेल असा:
"म्हणजे मठारकामच की!
पण फुगल्या जागी ठोकू नकोस हो,
कडेने ठोकत ये, फुगवटा आपोआप बसतो.
आणि ही हवा परत नवा पोचा आणणार?"
मी मान हलवली.
"दर क्षणाला?"
हलवली.
"मग हे भांडं कधी पुरं व्हायचं नाही."
नाही.
"बरंय. धंदा बसणार नाही तुझा."

वैशाखात, दुपारी दोन चाळीसला,
पत्र्यांवरून शहर थरथरत असताना
आम्ही मामाच्या हातोडीचा आवाज पाठवला,
त्याच्याच दुकानात रेकॉर्ड केलेला, हंड्याच्या काठाचा.
तौसिफ टाकीवर रुमाल डोक्याला बांधून मोजत बसला.
दोनशे सोळा ठोके.
एकही गळला नाही, एकही दुबार पडला नाही.
माझ्या टेबलावर तोच आवाज चालू होता,
मामाने स्पीकरच्या जाळीवर पंजा ठेवला
आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणाला,
इथे माझा हात चुकलाय.

अकरा मिनिटं.
मग म्हसरूळच्या झरोक्यांसमोर एक घार येऊन बसली,
पंख पसरून, चारही झाकून.

तिच्यावर अजून काही सुचलेलं नाही.
मामीला विचारलं. म्हणाली,
उठेल की ती.